सीडीके-१ पेशीत कायमच असते, मग विभाजनाची वेळ नेमके कोण ठरवते?

प्रश्नांकित

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि सध्या पेशीचक्राच्या प्रकरणापाशी अडकले आहे. पुस्तकातला मजकूर पाठ झाला आहे, परंतु तो समजला आहे असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही, म्हणून येथे सविस्तर विचारत आहे.

काइनेज या विकराचे काम मला ठाऊक आहे. एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूच्या शेपटीचा शेवटचा फॉस्फेट गट उचलायचा आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनातील सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो आम्लावर बसवायचा, एवढेच ते करते. मानवी जनुकांमध्ये अशी ५०० हून अधिक काइनेजे नोंदलेली आहेत आणि पेशीविभाजनाच्या संदर्भात त्यांपैकी सायक्लिनवर, म्हणजे चक्रागणिक साठणाऱ्या आणि नष्ट होणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असणाऱ्या काइनेजांचे, म्हणजेच सीडीके कुळाचे, नाव सर्वांत आधी येते. येथपर्यंत अडचण नाही.

अडचण पुढे आहे. सीडीके-१ या प्रथिनाचे पेशीतील प्रमाण वाढत्या पेशींमध्ये चक्रभर जवळपास सारखेच राहते असे पुस्तक सांगते. मग तेच प्रथिन तासन्‌तास स्वस्थ बसून राहते आणि एका विशिष्ट क्षणी संपूर्ण पेशी ढवळून काढते, हे कसे? सायक्लिन बी वाढते म्हणून, असे उत्तर दिलेले आहे, परंतु सायक्लिन हळूहळू, तासांच्या हिशेबाने साठत जाते आणि विभाजनाची सुरुवात मात्र काही मिनिटांत उरकते. सावकाश वाढणाऱ्या कारणाचा परिणाम असा एकाएकी का दिसावा?

दुसरी शंका अशी की, सीडीके-१ वर स्वतःवरच तीन ठिकाणी फॉस्फेट बसतात. त्यांपैकी १६१ क्रमांकाच्या थ्रिओनीनवरचा फॉस्फेट त्याला जागे करतो आणि १४ क्रमांकाच्या थ्रिओनीनवरचा व १५ क्रमांकाच्या टायरोसीनवरचा त्याला झोपवतो. एकच रासायनिक गट दोन विरुद्ध कामे कशी करतो, आणि पेशीला एवढा द्राविडी प्राणायाम करण्याची गरज काय?

यीस्टवाला

तुमच्या पहिल्या शंकेचे अर्धे उत्तर दुसऱ्या शंकेत दडलेले आहे, म्हणून मी उलट्या क्रमाने जातो.

फॉस्फेट गटाला स्वतःचा असा ‘चालू’ किंवा ‘बंद’ हा अर्थ नसतो. तो ऋण विद्युतभार घेऊन येतो आणि प्रथिनाच्या ज्या कोपऱ्यात बसतो, त्या कोपऱ्याची ठेवण बदलतो. सीडीके-१ च्या बाबतीत हे अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. हे प्रथिन एकटे असते तेव्हा त्याचा एक लवचीक पट्टा सक्रिय खोबणीच्या तोंडावर आडवा आलेला असतो, त्यामुळे ज्या प्रथिनावर फॉस्फेट बसवायचा ते आत येऊच शकत नाही. सायक्लिन चिकटले की हा पट्टा बाजूला सरकतो आणि खोबणीच्या आतील एक सर्पिल भाग योग्य जागी वळतो. त्यानंतर १६१ क्रमांकाच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट बसतो आणि बाजूला झालेला पट्टा त्याच स्थितीत खिळवून ठेवतो. टायरोसीन १५ मात्र खोबणीच्या दुसऱ्या टोकाला, एटीपी जेथे बसतो त्या जागेच्या छताशी आहे. तेथे फॉस्फेट आला की एटीपीमधील फॉस्फेटचे हस्तांतर नीट होत नाही. एक फॉस्फेट दार उघडे धरतो आणि दुसरा चुलीवर झाकण घालतो, असे समजा. जागा वेगळ्या, म्हणून परिणाम वेगळे.

आता गंमत पाहा. १६१ वर फॉस्फेट बसवणारे विकर पेशीचक्रभर जवळपास सारख्याच जोमाने काम करत असते, त्यामुळे तेथे कोणताही निर्णय होत नाही. निर्णय होतो तो टायरोसीन १५ वर. तेथे फॉस्फेट बसवणारे काइनेज म्हणजे वी-१ आणि तो काढणारे फॉस्फटेज म्हणजे सीडीसी-२५. जी-२ अवस्थेत, म्हणजे डीएनएची प्रत काढून झाल्यावर आणि विभाजनाच्या आधी, सायक्लिन बी जसजसे तयार होते, तसतसे ते सीडीके-१ शी जोडले जाते, १६१ वर फॉस्फेट मिळवते आणि वी-१ च्या हातून लगेच बांधलेही जाते. म्हणजे पेशीत पूर्णपणे सज्ज, पण कासरा आवळून धरलेल्या जोड्यांचा साठा वाढत जातो. सायक्लिनची वाढ सावकाश दिसते ती या साठ्याची वाढ असते, कामाची नव्हे.

वी-१ हे नाव कसे पडले हेही सांगण्यासारखे आहे, कारण त्यात मुद्द्याचाच पुरावा आहे. १९७० च्या दशकात एडिंबरा येथे पॉल नर्स विभाजी यीस्टच्या (मधोमध दुभंगून वाढणाऱ्या एकपेशीय बुरशीच्या) अशा उत्परिवर्तित पेशी शोधत होते, ज्या तापमान वाढवले की विभाजन थांबवतात. अशा पेशी विभागल्या जात नाहीत, पण वाढत राहतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांबच लांब दिसतात. त्यांत त्यांना उलट प्रकारच्या पेशी आढळल्या, ज्या नेहमीच्या साधारण निम्म्या आकाराच्या असतानाच विभागत होत्या. स्कॉटलंडच्या बोलीत लहानशा वस्तूला ‘वी’ म्हणतात, तेच नाव चिकटले. पुढे अशा अनेक उत्परिवर्तनांचे स्थान शोधले, तेव्हा जवळपास सगळी वी-१ या जनुकात निघाली. एक मात्र सीडीसी-२ या जनुकात निघाले, आणि ते जनुक बिघडले तर विभाजनच थांबते हे आधीच माहीत होते. ज्या जनुकाच्या अभावी विभाजन थांबते आणि ज्याच्यातील एका वेगळ्या बदलाने ते लवकर होते, ते जनुक केवळ आवश्यक नसते. वेळ ठरवण्यात त्याचा हात असतो. त्या एका अपवादाला मी ढीगभर नियमित निकालांपेक्षा जास्त मोल देईन. सीडीसी-२ हेच आपले सीडीके-१. १९८७ साली मेलानी ली आणि नर्स यांनी सीडीसी-२ निकामी असलेल्या यीस्टला मानवी जनुकांचा संग्रह दिला आणि त्यातील एका मानवी जनुकाने यीस्टचे विभाजन पुन्हा सुरू केले, इतके हे काइनेज उत्क्रांतीत जसेच्या तसे टिकून राहिले आहे.

सायक्लिनचा शोध वेगळ्याच वाटेने लागला. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट वुड्स होल येथे समुद्री अर्चिनच्या अंड्यांमधील प्रथिननिर्मिती अभ्यासत होते. फलित अंड्यांना किरणोत्सारी मेथिओनीन द्यायचे, ठरावीक मिनिटांनी नमुना काढायचा आणि जेलवर प्रथिनांचे पट्टे पाहायचे, असा साधा प्रयोग होता. बाकी सर्व पट्टे वेळेबरोबर गडद होत गेले, एक पट्टा मात्र गडद होत होत अंड्याच्या विभाजनाच्या सुमारास अचानक नाहीसा झाला आणि पुन्हा उगवला. पेशी स्वतःच तयार केलेले प्रथिन ठरावीक वेळी नष्ट करते, ही कल्पना त्या काळी सहजासहजी पटण्यासारखी नव्हती. हंट, नर्स आणि लेलँड हार्टवेल यांना २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता तुमचा ‘एकाएकी’. मोकळे झालेले थोडेसे सीडीके-१ दोन कामे करते: सीडीसी-२५ वर फॉस्फेट बसवून त्याला चेतवते आणि वी-१ वर फॉस्फेट बसवून त्याला दडपते. म्हणजे जे बांधणारे आहे त्याचे हात बांधायचे आणि जे सोडवणारे आहे त्याला बळ द्यायचे. त्यामुळे आणखी सीडीके-१ मोकळे होते, ते आणखी जोराने तेच करते, आणि साठलेला सगळा ऐवज थोड्याच वेळात कामाला लागतो. टायरोसीन १५ च्या जागी जेथे फॉस्फेट बसूच शकत नाही असे फिनिलअॅलनीन घातले, तर विभाजी यीस्ट वेळेआधीच विभाजनात शिरते. द्राविडी प्राणायाम म्हणालात, तो वगळला की पेशीचे काय होते ते या प्रयोगातून दिसते.

फॉस्फटेजपक्षी

वरील उत्तर चांगले आहे, परंतु नेहमीप्रमाणे काइनेजांच्या बाजूने झुकलेले आहे. फॉस्फेट बसवणे हे अर्धेच काम आहे. तो काढणारी विकरे पेशीत सदैव फिरत असतात आणि ती किती तत्पर असतात याचा अनुभव मी स्वतःच्या चुकीतून घेतला आहे.

संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्कपेशींना) थायमिडीन दोनदा देऊन एस अवस्थेच्या, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याच्या टप्प्याच्या, उंबरठ्यावर रोखले, मग मोकळे सोडले आणि दर दोन तासांनी नमुने काढले. पेशी फोडण्याच्या द्रावणात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे रोधक आठवणीने घातले, परंतु फॉस्फटेज रोधक घालायचे राहून गेले. दोन दिवसांनी फिल्म धुतली तेव्हा एकूण सीडीके-१ चा पट्टा सर्व रकान्यांत एकसारखा, अगदी मूळ प्रश्नात म्हटले आहे तसा. आणि फॉस्फेटयुक्त टायरोसीन १५ चा पट्टा एकाही रकान्यात नाही. तो पट्टा दाखवणारे प्रतिपिंड खराब निघाले असे मी आठवडाभर सांगत फिरलो. पुढच्या खेपेला रोधक घातले, तेव्हा तोच पट्टा चौथ्या तासापासून गडद होत गेला आणि पेशी गोल होऊ लागल्या त्या सुमारास, दहाव्या तासाच्या नमुन्यात, फिका पडला. त्याच रकान्यात सीडीसी-२५सी (सीडीसी-२५ चाच एक प्रकार) चा पट्टा भरपूर फॉस्फेट चढल्यामुळे जेलवर वर सरकलेला दिसला. पहिल्या प्रयोगात पेशींनी सर्व काही बरोबर केले होते. मी पेशी फोडल्यावर नळीतल्या फॉस्फटेजांनी ते पुसून टाकले होते.

हे सांगण्याचे कारण असे की, विभाजनात शिरताना पेशीला केवळ सीडीके-१ चालू करून भागत नाही. सीडीके-१ ने बसवलेले फॉस्फेट काढणारे मुख्य फॉस्फटेज, पीपी-२ए बी-५५, त्याच वेळी बंद करावे लागते. अन्यथा एका हाताने लिहायचे आणि दुसऱ्याने पुसायचे असा प्रकार होईल. ते बंद करण्याची युक्ती फार सुरेख आहे. सीडीके-१ हे ग्रेटवॉल नावाच्या दुसऱ्या काइनेजला चेतवते. ग्रेटवॉल हे एन्सा नावाच्या एका छोट्या प्रथिनावर फॉस्फेट बसवते. फॉस्फेटयुक्त एन्सा पीपी-२ए च्या खोबणीत जाऊन बसते, आणि फॉस्फटेज आपल्या स्वभावाप्रमाणे तो फॉस्फेट काढायलाही लागते, परंतु हा घास इतका सावकाश गिळला जातो की तोवर त्याला दुसरे काहीच घेता येत नाही. जो रोधक आहे तोच भक्ष्यही आहे.

‘एकाएकी’ या शब्दाला एक मोजता येण्याजोगा अर्थही आहे, तो पुस्तकांत क्वचितच दिलेला असतो. बेला नोव्हाक आणि जॉन टायसन यांनी १९९३ साली समीकरणांच्या आधारे असे भाकीत केले की, विभाजनात शिरण्यासाठी सायक्लिनची जी पातळी लागेल, त्यापेक्षा विभाजनात टिकून राहण्यासाठी लागणारी पातळी कमी असेल. २००३ साली झेनोपस बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात दोन वेगवेगळ्या गटांनी हे प्रत्यक्ष दाखवले; चढण्याची पातळी उतरण्याच्या पातळीच्या साधारण दुप्पट निघाली. याचा अर्थ असा की, त्या दोन पातळ्यांच्या मधल्या पट्ट्यात सायक्लिनचे प्रमाण तेच असले, तरी पेशी विभाजनात असू शकते किंवा नसूही शकते, आणि ती कोठे असेल हे ती कोठून आली यावर ठरते. म्हणूनच सायक्लिनमध्ये थोडी चढउतार झाली, तरी अर्धवट विरघळलेले केंद्रकावरण घेऊन पेशी दाराशी घुटमळत बसत नाही. तेव्हा विभाजनाची वेळ कोण ठरवते, या प्रश्नाला मी सायक्लिन असे उत्तर देणार नाही. सायक्लिन पाणी भरते. बांध कधी फुटेल हे वी-१, सीडीसी-२५ आणि पीपी-२ए यांच्या आपसांतील ओढाताणीवर ठरते.

प्रश्नांकित

दोघांचेही मनापासून आभार. जेलवरील पट्ट्यांचे उदाहरण वाचून पहिली शंका पूर्ण फिटली.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. यीस्टमध्ये एकच सीडीके डीएनएची प्रत काढण्याची सुरुवातही करते आणि गुणसूत्रे वेगळी करण्याचीही. तेच काइनेज आधी हे आणि मग ते, असा क्रम कसा पाळते? दुसरे असे की, सीडीके-१ एकदा मोकळे सुटले की मागे फिरणे नाही, तर मग सर्व गुणसूत्रे तुर्कतंतूंना (त्यांना ध्रुवांकडे ओढणाऱ्या धाग्यांना) जोडली जाईपर्यंत पेशी मध्यावस्थेत थांबते, ती कोणाच्या सांगण्यावरून?

यीस्टवाला

पहिल्या गोष्टीवर अनेक वर्षे असे मानले जात होते की, क्रम सायक्लिनांमुळे येतो: एस अवस्थेचे सायक्लिन काइनेजला एका प्रकारच्या प्रथिनांकडे नेते, एम अवस्थेचे, म्हणजे विभाजनाचे, दुसऱ्या प्रकारच्या. यात तथ्य आहे, कारण काही सायक्लिनांवर विशिष्ट प्रथिनांना पकडून ठेवणारी बेचकी असते. परंतु २०१० साली दामियाँ कुद्रेझ आणि नर्स यांनी विभाजी यीस्टमध्ये एक सायक्लिन आणि सीडीके एकमेकांना जोडून एकच संयुक्त प्रथिन बनवले आणि पेशीचक्राची इतर सायक्लिने काढून टाकली. पेशी व्यवस्थित जगल्या, आधी डीएनए दुप्पट केले आणि मगच विभागल्या. क्रम टिकला, म्हणजे तो काइनेजच्या प्रकारातून नव्हे, तर त्याच्या मात्रेतून येतो. एस अवस्थेसाठी लागणाऱ्या प्रथिनांना थोड्याशा सीडीके क्रियेने फॉस्फेट मिळतो, एम अवस्थेच्या प्रथिनांना बरीच जास्त क्रिया लागते, आणि क्रिया शून्यापासून वाढत जाणारी असल्यामुळे आधी जे व्हायचे ते आधीच होते. उंदरांतही याच्याशी जुळणारे दिसले आहे: सीडीके २, ३, ४ आणि ६ ही चारही काढून टाकलेले गर्भ अर्ध्या वाटेपर्यंत वाढतात आणि त्यांच्या पेशी एकट्या सीडीके-१ वर विभागत राहतात, असे २००७ साली दाखवले गेले. इतकी भावंडे आपल्याकडे आहेत ती बहुधा वेगवेगळ्या ऊतींच्या सोयीसाठी आहेत, चक्राच्या सांगाड्यासाठी नव्हेत, असे माझे मत आहे.

याच मात्रेच्या खेळात आणखी एक गोष्ट साधली जाते. डीएनएच्या ज्या ठिकाणांहून प्रत काढायला सुरुवात होते, तेथे एमसीएम नावाच्या प्रथिनांचे कडे आधी चढवावे लागते, आणि हे चढवणे सीडीकेची क्रिया अगदी कमी असतानाच होते. चढलेले कडे कामाला लावण्यासाठी मात्र सीडीकेची क्रिया लागते, सोबतीला डीडीके हे आणखी एक काइनेज लागते. क्रिया वाढली की नवे कडे चढू शकत नाही. त्यामुळे एका चक्रात डीएनएची प्रत एकदाच निघते, दोनदा नाही.

सूक्ष्मदर्शी

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते, कारण माझा दिवस गुणसूत्रांकडे पाहण्यातच जातो.

सीडीके-१ पेशीला मध्यावस्थेपर्यंत आणते, परंतु पुढे जाण्याची परवानगी वेगळ्या तपासणी नाक्यावर मिळते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन अर्धगुणसूत्रांपैकी एकाने एका ध्रुवाकडून येणारे तंतू धरायचे असतात आणि दुसऱ्याने समोरच्या ध्रुवाकडून येणारे. ज्या गुणसूत्राने अजून तंतू धरलेले नाहीत, त्याच्या पकडीच्या जागी एमपीएस-१ हे काइनेज बसून फॉस्फेटच्या खुणा करत राहते. त्या खुणांवर इतर प्रथिने जमतात आणि तेथून निघणारा थांबण्याचा संदेश सीडीसी-२० या प्रथिनाला अडकवून ठेवतो. सीडीसी-२० मोकळे नसेल, तर एपीसी नावाचे मोठे यंत्र सायक्लिन बी वर आणि सेक्युरिन नावाच्या प्रथिनावर नाशाचा शिक्का मारू शकत नाही. सेक्युरिन नष्ट झाल्याशिवाय अर्धगुणसूत्रांना बांधणारे कडे कापणारे विकर मोकळे होत नाही. एकच गुणसूत्र सुटे राहिले, तरी सगळी पेशी थांबते.

परंतु तंतू धरले आहेत एवढ्याने भागत नाही, ते योग्य बाजूचे आहेत का हेही पाहावे लागते. दोन्ही अर्धगुणसूत्रांनी एकाच ध्रुवाचे तंतू धरले असतील, तर पकड आहे, पण ताण नाही. हा फरक ऑरोरा बी हे काइनेज ओळखते. ते गुणसूत्रबिंदूच्या आतल्या बाजूला बसते आणि तंतू पकडणाऱ्या एनडीसी-८० या प्रथिनाच्या शेपटीवर फॉस्फेट बसवून पकड ढिली करते. दोन्ही बाजूंनी ओढ लागली की पकडणारा बाहेरचा भाग ऑरोरा बी पासून दूर खेचला जातो, त्याच्यावरील फॉस्फेट फॉस्फटेजे काढून टाकतात आणि पकड घट्ट होते. ताण नसेल तर पकड सुटते आणि पुन्हा प्रयत्न होतो. म्हणजे येथे काइनेजची भूमिका जोडण्याची नसून चुकीची जोडणी मोडण्याची आहे.

ताणाचे महत्त्व ज्या प्रयोगाने माझ्या मनावर ठसले, तो १९९५ सालचा आहे. ली (वर आलेल्या मेलानी ली नव्हेत) आणि ब्रूस निकलस यांनी खंडोबाच्या किड्याच्या शुक्रजनक पेशी घेतल्या. या पेशींत कधीकधी एक एक्स गुणसूत्र जोडीविना राहते, एकाच ध्रुवाला धरून असते, आणि पेशी तासन्‌तास थांबते. संशोधकांनी काचेच्या अतिसूक्ष्म सुईने ते गुणसूत्र हलकेच ध्रुवापासून उलट बाजूला ओढून धरले. एवढ्या कृत्रिम ताणाने पेशीची खात्री पटली आणि ती पुढे निघाली. गुणसूत्राची जागा चुकीचीच होती, परंतु ओढ खरी होती, आणि पेशीला तेवढेच कळते.

एक पुरवणी जोडते. सायक्लिन बी नष्ट झाल्यावर सीडीके-१ ची क्रिया कोसळते, ग्रेटवॉल शांत होते, पीपी-२ए पुन्हा मोकळे होते आणि सगळ्या प्रथिनांवरचे फॉस्फेट उतरू लागतात. केंद्रकावरणाच्या आतील लॅमिन प्रथिनांवर सीडीके-१ ने फॉस्फेट बसवल्यामुळे ते जाळे सुटे झालेले असते. फॉस्फेट उतरले की ते पुन्हा जुळते. फॉस्फेट बसवणे आणि काढणे दोन्ही उलटवता येतात, तुकडे झालेले सायक्लिन मात्र परत सांधता येत नाही, म्हणून चक्र मागे न जाता पुढेच जाते.

निदानकक्ष

मी रोगनिदानशास्त्रात काम करतो, म्हणून फक्त त्या अंगाने लिहितो.

वर चर्चा झाली ती मुख्यतः जी-२ आणि एम अवस्थांची. रुग्णांच्या बाबतीत आजवर जास्त उपयोगी पडलेला दरवाजा मात्र जी-१ चा, म्हणजे एस अवस्थेच्या आधीच्या टप्प्याचा, आहे. तेथे सायक्लिन डी सोबत सीडीके-४ आणि सीडीके-६ काम करतात आणि आरबी या प्रथिनावर फॉस्फेट बसवायला सुरुवात करतात. आरबी एरवी ई-२-एफ या प्रथिनांना धरून ठेवते. ती सुटली की एस अवस्थेसाठी लागणारी जनुके चालू होतात. पेशीकडे यावर स्वतःचा लगाम असतो, तो म्हणजे पी-१६ हे प्रथिन, आणि अनेक कर्करोगांमध्ये नेमका तोच हरवलेला असतो.

सुरुवातीची सीडीके रोधक औषधे निराशाजनक ठरली, कारण ती एकाच वेळी अनेक सीडीके अडवत. त्या कुळातील काही जण, उदाहरणार्थ सीडीके-९, जनुकांपासून आरएनए बनवण्याच्या रोजच्या कामात असतात, आणि त्यांना अडवले की निरोगी पेशींचीही अडचण होते. फक्त ४ आणि ६ यांना निवडून अडवणारे पाल्बोसिक्लिब २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब २०१७ साली. संप्रेरकग्राही असलेल्या आणि हर-२ (वाढीचा संदेश घेणारे प्रथिन) नसलेल्या प्रगत स्तनकर्करोगात ती संप्रेरकरोधक औषधांच्या जोडीने देतात. अर्बुदात आरबीच उरलेले नसेल, तर ही औषधे चालत नाहीत, आणि वरची साखळी वाचल्यावर त्याचे कारण वेगळे सांगायला नको: ज्या दाराला कुलूपच नाही त्याची किल्ली लपवून काय होणार.

पाल्बोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबवतात, यालाही पेशीचक्राचेच कारण आहे. अस्थिमज्जेतील पूर्वपेशी सीडीके-६ वर बऱ्याच अवलंबून असतात, त्यामुळे न्यूट्रोफिल पेशींची संख्या घटते. परंतु नेहमीच्या रसायनोपचारात या पूर्वपेशी मरतात, येथे त्या बहुतांशी नुसत्या थबकतात, म्हणून औषध थांबले की संख्या तुलनेने लवकर सावरते.

वी-१ अडवण्याचाही प्रयत्न झाला आहे, आणि त्यामागचा विचार या चर्चेशी थेट जुळतो. डीएनएला इजा झाली की एटीएम आणि एटीआर ही काइनेजे सीएचके-१ व सीएचके-२ यांना चेतवतात, ती सीडीसी-२५ ला निकामी करतात आणि टायरोसीन १५ वरील फॉस्फेट जागच्या जागी राहतो. पी-५३ हे इजा झाल्यावर विभाजन रोखणारे प्रथिन गमावलेल्या कर्कपेशींचा जी-१ चा नाका आधीच ढिला असतो, त्यामुळे त्या या दुसऱ्या नाक्यावर विसंबतात. वी-१ अडवले तर अशा पेशी तुटके डीएनए घेऊन विभाजनात ढकलल्या जातात. तर्क उत्तम आहे, परंतु निरोगी पेशींनाही वी-१ लागतेच, आणि चाचण्यांत त्याचे चटके जाणवले आहेत.

प्रश्नांकित

सर्वांची ऋणी आहे. मी माझ्या वहीतील आकृती पुन्हा काढली असून, सायक्लिनपासून थेट विभाजनाकडे जाणारा बाण खोडून टाकला आहे. पुढच्या महिन्यात मला हाच टायरोसीन १५ चा प्रयोग करायचा आहे. फॉस्फटेजपक्षी, तुम्ही दुसऱ्या खेपेला नेमके काय घातले होते?

फॉस्फटेजपक्षी

सेरीन व थ्रिओनीनवरील फॉस्फेट राखण्यासाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, टायरोसीनसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. सीडीसी-२५ ही व्हॅनाडेटने अडते, म्हणून तुमच्या प्रयोगात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. व्हॅनाडेट मात्र बाटलीतून काढून तसेच घालू नका. सामू १० करून द्रावण उकळा. पिवळा रंग गेला की थंड करा, सामू पुन्हा तपासा, आणि उकळूनही रंग परत येणे थांबेपर्यंत हे करत राहा. त्याच द्रावणात ईडीटीए किंवा डीटीटी भरपूर असेल, तर व्हॅनाडेटचा प्रभाव जातो, तेव्हा पाककृती आधी नीट वाचा. पेशी बर्फावरच फोडा, आणि रोधक आदल्या रात्री नव्हे, तर नमुने काढण्याच्या अगदी आधी मिसळा.